मेंढरांच्या पुलाबद्दलची एक ओळ

“पुस्तकात छापलंय म्हणं, आपला पूल बंद पडलाय.”

दुकानाच्या पायरीवर बसलेली बाई आपल्या सुनेला हे सांगत होती. आवाजात राग नव्हता. तेलाचा भाव वाढलाय म्हणं, असं सांगावं तशा सुरात ती बोलली. मी आत तूरडाळीच्या पोत्यांमागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. घरची वीज गेली की मी दुकानात येऊन बसते. तिथे इन्व्हर्टर आहे, आणि पोत्यांमागे बसलं की गिऱ्हाइकांना दिसत नाही.

बाईने खडेमीठ घेतलं, नायलॉनची दोरी घेतली आणि हळद मागितली, तीही किलोने. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात लग्न आहे का असं विचारलं. ती म्हणाली, लग्न कुठलं मालक, मेंढरं लांबून चालून आलीत, खुरं फुटलीत, त्यात भरायला पाहिजे. अप्पा हसत हळद तोलायला लागले. तेवढ्यात सुनेने विचारलं, कुण्या पुस्तकात.

“काय की. कालव्याच्या साहेबाजवळ हाय. म्हणला, तुमच्याच गावातल्या शिकलेल्या माणसानं लिवलंय, आमी न्हाई लिवलं.”

ते पुस्तक तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर होतं. गल्ल्याशेजारी त्याची चळत होती. महिन्याचा किराणा नेणाऱ्या प्रत्येकाला अप्पा एक प्रत देत आणि आमच्या लेकीनं लिहिलंय असं सांगत. त्यांनी तराजूवरून मान वर केली तेव्हा ते आता तेच सांगणार हे मला दिसलं. मी आतून हाक मारली, अप्पा, जरा या. ते हळद तशीच ठेवून आत आले आणि काय गं म्हणाले. पाणी संपलंय, असं मी म्हणाले. माठ माझ्या शेजारीच होता आणि काठोकाठ भरलेला होता. अप्पांनी माठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले. तोवर पुस्तकाची गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली होती. बायका सामान घेऊन निघून गेल्या.

ती ओळ मला पाठ होती. ‘या पुलाच्या दोन्ही तोंडांवर बाभळीची काटेरी झुडपे असून तो सध्या वापरात नाही.’ लिहिताना मला ती नेटकी वाटली होती.

आमच्या तालुक्याच्या गावाला चारी बाजूंनी पाणी आहे. पूर्वेला नदी, दक्षिणेला तिला मिळणारा ओढा, आणि उत्तरेकडून पश्चिमेला वळसा घालत गेलेला कालवा. कालव्याच्या चाऱ्या, म्हणजे छोटे पाट, तर घरांच्या मागच्या दारापर्यंत आल्या आहेत. परभणीहून या, देवगाव फाट्याकडून या, नाहीतर शेतातून बैलगाडीने या, गावात शिरायचं तर कुठला तरी पूल ओलांडावा लागतोच. मला लहानपणी हे कधी जाणवलं नाही. मी पहिलीपासून परभणीला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. शनिवारी बसने घरी यायचे. नदीच्या पुलावर बस हळू झाली की दप्तर पाठीला लावायचं, एवढाच पुलाशी माझा संबंध होता.

नदीवर नवा उंच पूल बांधून होत आला तेव्हा गावातल्या काही मंडळींनी एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं, आपल्या गावच्या पुलांचा इतिहास. संपादक म्हणून हायस्कुलातून निवृत्त झालेले मुख्याध्यापक होते. त्यांना सगळं गाव सर म्हणतं, मीही सरच म्हणते. मी इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. सर घरी आले आणि अप्पांना म्हणाले, जुने कागद सगळे इंग्रजीत आहेत, ते वाचून मराठीत लिहू शकेल असं दुसरं कोण आहे. अप्पा त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत खुशीत होते.

मलाही ते काम आवडलं. कागद आपल्याला प्रश्न विचारत नाहीत. सरांनी जमवलेल्या दोन गठ्ठ्यांत जुन्या मोजण्या होत्या, नकाशे होते, पुरानंतरचे अहवाल होते. त्यातून मला गाव पहिल्यांदा कळलं असं वाटलं. पूल नव्हता तेव्हा पावसाळ्यात लोक काहिलीतून नदी ओलांडायचे. गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई पाण्यात सोडायची, आत पाच-सहा माणसं उकिडवी बसायची आणि दोन पोहणारे ती ढकलत पलीकडे न्यायचे. बाजूला कलंडू नये म्हणून आत बसलेल्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही. मग नदीत दगडी फरशी झाली, म्हणजे पाण्याच्या पातळीवरचा रस्ताच. ती पहिल्या पुरात दिसेनाशी व्हायची आणि आठवड्याने परत दिसायची. त्यानंतर निजामाच्या काळातला कमानींचा पूल आला. तो पुरात बुडणार हे धरूनच बांधला होता. त्याचे लोखंडी कठडे पावसाळ्याआधी काढून ठेवायचे, नाहीतर त्यात झाडंझुडपं अडकून पाण्याने पूल ढकलला असता. हे वाचून मी इतकी हरखले होते की त्या काढून ठेवायच्या कठड्यांवर मी दीड पान लिहिलं.

कमानींच्या पुलाला सहा पानं, रेल्वेच्या पुलाला तीन. ओढ्यावरच्या मोरीलाही एक पान मिळालं. कालव्यावरचे बारा पूल मात्र मी शेवटी एका यादीत बसवले. कालवा अप्पांच्या लहानपणी आला. त्याच्या पुलांबद्दल माझ्या गठ्ठ्यात फक्त आकडे होते, मुखापासून किती अंतरावर कोणता पूल, रुंदी किती. त्यांना नावंही नव्हती. म्हणजे कागदात नव्हती. लोकांत होती, पण त्यासाठी लोकांना विचारावं लागलं असतं.

एकदा विचारून पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात ओढ्याकाठी एक माणूस उसाला पाणी देत होता. मी वहीत आधी लिहून घेतलेला प्रश्न त्याला विचारला, काका, ही मोरी साधारण कधी बांधण्यात आली. त्याने फावडं खाली टेकवलं आणि पलीकडच्या शेतातल्याला ओरडून सांगितलं, “ये रे लवकर, बातम्या लागल्यात.” दोघंही हसले. वाईट हसू नव्हतं ते. मग त्याने मला मोरीची सगळी हकीकत सांगितलीही, कोणाचा बैल तिथे अडकला होता ते सुद्धा. पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझे कान गरम झाले होते. इंग्रजी शाळेत माझ्या बोलण्यात गावाकडचं काही येऊ नये म्हणून मी जपायचे, आणि गावात आल्यावर माझ्या बोलण्यात गावाकडचं काही उरलेलं नव्हतं. त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही.

कालव्याचे बारा पूल आम्ही एका दिवसात पाहिले. सरांनी जीप ठरवली होती, ड्रायव्हर आणि मी. माघाचा महिना होता. नवव्या पुलाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अरुंद पूल, कठडे नाहीत, वर डांबराऐवजी मातीचा जाड थर. आणि दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्यांचे ढीग, कमरेएवढे. मी खाली उतरून एक फोटो काढला. पलीकडच्या काठावर चार-पाच झोपड्या होत्या, त्यातली एकच उघडी दिसत होती. तिच्यापुढे बसलेला एक म्हातारा उठला आणि काठी टेकत काठापर्यंत आला. त्याने हाक मारली, कोण हाय म्हणून. मग आणखी काही बोलला, काठीने काट्यांकडे दाखवत. कालव्यात पाणी सुटलेलं होतं, त्या आवाजात मला सगळं कळलं नाही. पुढच्या पुलावरून वळसा घालून त्याच्यापर्यंत जाता आलं असतं, जीपने दहा मिनिटं लागली असती. मी हात वर केला. नमस्कार नाही, निरोप नाही, नुसता हात. आणि जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारा काय तरी सांगायलाय मॅडम. मी म्हणाले, उशीर झालाय.

पुढचे तीन पूल आम्ही जीपमधूनच पाहिले.

पुस्तक छापून आलं, चांगलं झालं असं सगळे म्हणाले. कॉलेजात प्राचार्यांनी पुष्पगुच्छ दिला. कालव्याची यादी कुणी वाचली असेल असं मला वाटलंच नाही. पण कालव्याला काँक्रीटचं अस्तर करण्याचं काम निघालं आणि त्यात नको असलेले पूल काढून टाकायचं ठरलं. कोणता पूल कोण वापरतं याची नोंद कुणाकडे नव्हती. नोंद होती ती माझ्या पुस्तकात.

दुकानातल्या त्या दिवसानंतर तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्कूटी काढली आणि कालव्याच्या काठाने नवव्या पुलाकडे गेले. तिथे जाऊन काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. काट्या नव्हत्या. माती खुरांनी तुडवून लोण्यासारखी झाली होती आणि तीत बारीक लेंड्या रुतलेल्या होत्या. पुलाच्या बाजूला कुणीतरी चुन्याने मोठी फुली मारली होती.

कुत्रं भुंकलं तशी तीच बाई झोपडीतून बाहेर आली. मला पाहून तिने कुत्र्याला दगड दाखवला आणि ये म्हणाली. कुणाची हायस, असं विचारलं. मी अप्पांचं दुकान सांगितलं. तिचा चेहरा फुलला. परवाच आलो होतो की, हळद लय चांगली निघाली, बस. तिने घोंगडी अंथरली आणि आत चहाचं सांगितलं. तो म्हातारा दारात बसला होता. तिचा सासरा. मी त्याच्याकडे पाठ होईल अशी बसले.

मी घोंगडी विकत घ्यायला आले असेन असं तिला वाटलं. मी म्हणाले, नाही मावशी, पूल बघायला आले. मग तिने विचारलं नाही कशाला. तिलाच सांगायचं होतं. दिवाळी झाली की हे सगळे मेंढरं घेऊन गंगेकडे उतरतात, गोदावरीला ते गंगाच म्हणतात. तिकडच्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असं करत करत मृगाला परत. पूल केला तेव्हा कठडे कुणी केले नाहीत. एका शेतकऱ्याचं वासरू वरून कालव्यात पडलं. भांडण झालं. तेव्हा तिच्या सासऱ्याने चारचौघांत कबूल केलं की पूल आम्ही वापरतो, आम्ही नसू तेव्हा बंद ठेवायची जिम्मेदारी आमची. तेव्हापासून गाव सोडताना शेवटचं काम पुलाला काट्या लावायचं आणि आल्यावर पहिलं काम काट्या काढायचं. घोड्यावरचं सामान त्यानंतर उतरायचं.

“म्हातारा जात न्हाई आता आमच्यासंगं,” ती म्हणाली. “हितंच ऱ्हातो. वाऱ्यानं काटी सरकली की परत लावतो. दुसरं काय काम हाय त्याला.”

मी विचारलं, सडकेच्या पुलावरून नेता येणार नाहीत का मेंढरं. तिने मान हलवली. चराईचं गायरान कालव्याच्या त्या अंगाला, झोपड्या ह्या अंगाला, दिवसातून दोनदा जायचं-यायचं. सडकेवर ट्रकने भोंगा वाजवला की कळप फुटतो. गेल्या वर्षी एका मुक्कामावरून येताना दोन कोकरं चाकाखाली गेली होती. आणि मेंढरू खाली पाणी दिसलं की पाय टाकत नाही, म्हणून या पुलावर माती टाकलेली. साहेबाने पुढच्या आठवड्यात बैठकीला बोलावलंय, पूल गेला तर इथून उठावं लागेल, ती म्हणाली. कुठं उठावं ते मात्र तिने सांगितलं नाही.

चहा आला. तिने झोपडीच्या कुडातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तीतून घडी केलेला कागद. साहेबाने दिलेली झेरॉक्स होती. माझ्या यादीचं पान.

“तुला वाचता येतं न्हवं? वाच बरं काय लिवलंय. पोरगा वाचतो पण भरभर वाचतो, मला कळत न्हाई.”

मी वाचलं. क्रमांक नऊ. मुखापासूनचं अंतर वाचलं, रुंदी वाचली. या पुलाच्या दोन्ही तोंडांवर बाभळीची काटेरी झुडपे असून तो सध्या वापरात नाही. माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा स्पष्ट आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

“झुडपं? तोडून आणलेल्या काट्या हायेत त्या. झुडूप उगवतंय का पुलावर?” सून तोंडाला पदर लावून हसली. मग बाईने विचारलं, “कुणी लिवलं असंल गं हे?”

मी म्हणाले, माहीत नाही.

तिने कागद परत घेतला, घडीवर घडी घातली. “असंल बाबा कुणी तरी. चूक झाली असंल. आला असता तर सांगितलं असतं आमी.”

मागून म्हातारा बोलला. “माघात जीप आली हुती. एक पोरगी उतरली. मी हाक मारली, काट्या आमच्या हायेत म्हणून सांगायलो होतो. हात हलवून गेली.” मी वळून पाहिलं नाही. बाई मला म्हणाली, त्याचं मनावर घेऊ नको, त्याला लांबचं दिसतं, जवळचं दिसत न्हाई.

मी चहा संपवला. पितळेच्या पेल्यात तळाशी साखर राहिली होती, तीसुद्धा संपवली, कारण उठलं की निघावं लागणार होतं आणि निघताना तिच्याकडे बघावं लागणार होतं. निघताना तिने मला मूठभर हिरव्या शेंगा दिल्या.

चूक ही चूक असते, हे मी स्वतःला समजावू शकले असते. इतिहास लिहिताना चुका होतात, वर्गात मी मुलांना तेच सांगते. पण माहीत नाही हे शब्द मी चूक म्हणून बोलले नव्हते. त्या बाईने मला बसायला घोंगडी दिली होती. गाडी चालवताना मला सारखं वाटत होतं की माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतोय, आणि गावाकडच्या कुठल्याही वासाची लाज वाटण्याची मला लहानपणापासून सवय होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की लाज वाटावी असं त्या वासात काहीच नाही, दुसरीकडेच आहे.

संध्याकाळी सरांकडे गेले. सर ओसरीवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, म्हणजे पुलाचं सांगितलं, घोंगडीचं नाही. सरांनी शांतपणे ऐकलं. ते चांगले आहेत. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले. मी म्हणाले, सर, पुढच्या आठवड्यात कालव्याच्या कार्यालयात बैठक आहे, पाऊस लागायच्या आत त्यांना काम उरकायचंय, पुढच्या आवृत्तीपर्यंत पूल राहायचा नाही. सर म्हणाले, आपण इतिहास लिहिला, सरकारी अहवाल नाही. त्यांनी तो तसा वापरला तर आपण काय करणार. शिवाय एका ओळीवरून लोक उद्या बाकीचं पुस्तकही खोटं म्हणतील. मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, “आणि बाळा, तू तिथं चार माणसांत उभी राहून बोलणार आहेस का?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. म्हणूनच ते लागलं. गेल्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात आभार मानायला मला उभं केलं होतं तेव्हा मी दोन वाक्यांनंतर खाली बसले होते. सर पहिल्या रांगेत होते.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. त्यांना सगळंच सांगितलं, माहीत नाही म्हणाले तेही. ते पूजेला बसायच्या तयारीत होते, कपाळाला विभूती लावलेली होती. त्यांनी विभूतीची डबी बंद करून ठेवली. मग विचारलं, त्या दिवशी दुकानात मला हाक मारलीस ती यासाठीच का. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशीही गल्ल्याशेजारी पुस्तकांची चळत होती. गिऱ्हाइकांना ते प्रती देत राहिले. फक्त कुणी लिहिलंय ते सांगायचं त्यांनी थांबवलं.

बैठकीच्या दिवशी मी कॉलेजातून दोन तासांची रजा घेतली. कालव्याचं कार्यालय म्हणजे पत्र्याचं छत असलेली एक लांब खोली, भिंतीला कालव्याचा नकाशा. साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत. सरांना पुस्तकाचे संपादक म्हणून बोलावलं होतं, ते साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला दारात पाहिलं आणि नजर नकाशाकडे वळवली. मेंढपाळांकडून ती बाई आली होती, तिचा मुलगा आला होता आणि म्हातारा. त्याला बहुतेक स्कूटरवर मध्ये बसवून आणलं होतं. बाईने मला पाहून हात केला, इकडे ये, जागा आहे. मी दाराशीच उभी राहिले.

मी रात्री एक पान लिहिलं होतं. आधी इंग्रजीत सुचलं, मग मराठीत केलं, मग ते वाचून बातम्यांसारखं वाटलं म्हणून खोडलं. शेवटी कागद न घेताच आले होते.

आधी चार पुलांचा निकाल लागला, कुणी फार बोललं नाही. मग नववा आला. साहेबांनी पुस्तक उघडलं. पानात पिवळी चिठ्ठी लावलेली होती. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. बाईच्या मुलाने उठून सांगितलं की आम्ही पूल रोज वापरतो, आठ महिने नसतो म्हणून बंद करून जातो. तो घाईघाईने बोलत होता आणि मधेच अडकत होता. माझ्यासारखाच. साहेबांनी त्याला नीट बोलू दिलं.

“मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही म्हणता वापरता, आणि तुमच्या गावाचं छापलेलं पुस्तक म्हणतं वापरत नाही. वरच्या ऑफिसला मी काय दाखवू? काहीतरी लेखी पाहिजे ना.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मेंढरांच्या सह्या आणायच्या का साहेब?”

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले. बाईचा मुलगा हसायचा प्रयत्न करत खाली बसला. म्हाताऱ्याला बहुतेक काही ऐकू आलं नव्हतं, तो सगळ्यांकडे बघत होता. बाई हसली नाही. तिने पिशवीतून तो कागद काढला होता, हातात धरला होता, आणि तो कुणाला द्यावा हे तिला समजत नव्हतं. साहेबांनी सरांना विचारलं, ही माहिती तुमची खात्रीची आहे ना. सरांनी चष्मा काढला, पुसला. साधारणपणे, असं काहीसं ते म्हणाले. साहेबांनी पेनचं टोपण उघडलं आणि यादीत नऊच्या पुढे पेन नेलं.

मी दारापासून दोन पावलं पुढे झाले. साहेबांनी वर पाहिलं. कोण तुम्ही, असं त्यांनी विचारलं नाही, पण सगळेच वळले, आणि बाईही वळली. तिचा चेहरा अजून तसाच होता, घोंगडी अंथरताना होता तसा. मला वाटलं की मी तिच्याकडे न बघता बोलेन. तसं करता आलं नाही.

“मावशी, ते मी लिहिलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. साहेब, तो पूल वापरात आहे. या बाबांनी मला पलीकडून हाक मारून सांगितलं होतं, मीच थांबले नाही. काय लेखी पाहिजे ते मला द्या, मी इथंच लिहून सही करते.”